कोणता बॉल शिल्लक ठेवायचा

स्ट्रेट पूल हा पूल टेबलावरचा खेळ आपल्याकडच्या पूल पार्लरमध्ये कुणी खेळत नाही म्हटलं तरी चालेल. पुण्यात कॉलेजला असताना मी एट-बॉल हा पूलचा नेहमीचा प्रकार खेळायचे, नंतर स्नूकरची गोडी लागली, पण या खेळाशी गाठ पडली ती थेट न्यू जर्सीत, नोकरीसाठी एडिसनला राहायला आल्यावर. जागा मात्र बरोबर सापडली. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया या पट्ट्यात हा खेळ मुरलेला आहे. एडिसनच्या जवळच पर्थ अँबॉय नावाचं गाव आहे. स्टीव्ह मिझेराक तिथला. शाळेत शिकवता शिकवता त्याने १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षं स्ट्रेट पूलची यूएस ओपन जिंकली. ब्रुकलिनची जीन बालुकस नऊ वर्षांची असताना या स्पर्धेत मोठ्या बायकांसमोर खेळायला उतरली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिने ती अनेकदा जिंकली. नंतर टीव्हीला झटपट संपणारा नाइन-बॉल जास्त सोयीचा वाटला आणि स्ट्रेट पूल मागे पडला. मला विचाराल तर पूल टेबलावर यापेक्षा सुंदर खेळ नाही, आणि तो शिकताना जे हाती लागलं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

नियम पाच मिनिटांत कळतात. १५ बॉल, त्यातला कोणताही, कोणत्याही पॉकेटमध्ये. मारण्याआधी बॉल आणि पॉकेट सांगायचं. प्रत्येक बॉलला एक गुण. पट्टे, रंग, आकडे यांना काहीही किंमत नाही. ठरल्याप्रमाणे १००, १२५ किंवा १५० ला जो आधी पोचेल तो जिंकला. खरा खेळ १४ बॉल संपल्यावर दिसतो. पंधरावा बॉल जिथे असेल तिथेच राहतो, स्टिकने ज्याला मारतात तो पांढरा बॉलही जिथल्या तिथे, आणि आत गेलेले १४ पुन्हा त्रिकोणात रचतात, टोकाची जागा रिकामी सोडून. आता उरलेला बॉल पॉट करायचा, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा, आणि त्याच फटक्यात पांढऱ्याने जाऊन नवा रॅक, म्हणजे तो रचलेला त्रिकोण, फोडायचा. जमलं की आणखी १४, पुन्हा रचा, पुन्हा फोडा. कागदोपत्री या खेळाला फोर्टीन पॉइंट वन म्हणतात. डाव असा अखंड चालू ठेवायची कल्पना १९१० च्या सुमारास जेरोम किओ या खेळाडूने काढली. त्या उरवलेल्या बॉलला ब्रेक बॉल म्हणतात, आणि माझं सगळं शिक्षण त्या एका बॉलभोवती झालं.

स्नूकरवरून आल्यामुळे पॉटिंगची मला चिंता नव्हती. १२ फुटी टेबलावर, अरुंद पॉकेटमध्ये बॉल घालायची सवय असेल तर ९ फुटी पूल टेबलावरची पॉकेटं मोठी वाटतात. तरीही माझा डाव १०-१२ गुणांवर येऊन थांबायचा. समोर दिसेल तो बॉल आत जात होता, पुढचाही जात होता, आणि मग अचानक टेबलावर तीन बॉल असे उरायचे की एक या कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटलेला, एक त्या टोकाला आणि एक मधोमध. तिन्ही पॉट होण्यासारखे, पण नव्या रॅकजवळ एकही नाही. त्यातले दोन घातले असते तरी उरलेल्या बॉलवरून रॅक फोडता आला नसता.

त्या पार्लरमध्ये दुपारी एक निवृत्त गृहस्थ नेमाने यायचे. तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण माझ्या मनात ते आजोबाच होते. स्वतःची दोन तुकड्यांची स्टिक, खिशात पेन्सिल. पेन्सिल कशाला, तर या खेळात रॅकची बाह्यरेषा कापडावर आखलेली लागते, कारण शेवटचा बॉल त्रिकोणाच्या आत आहे की बाहेर यावरून पुढचं सगळं ठरतं. आत असेल तर तो उचलावा लागतो. रेषा पुसट झाली की आजोबा ती गिरवायचे. एकदा माझा डाव थांबल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "तू छान मारतेस. आता मला सांग, शेवटचे पाच कोणते होते?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "टेबलावर आठ बॉल होते तेव्हा शेवटचे पाच कोणते ठरवले होतेस?"

मी ठरवलेच नव्हते. एट-बॉलमध्ये आपला गट ठरलेला असतो, नाइन-बॉलमध्ये क्रम ठरलेला असतो, स्नूकरमध्ये लाल झाला की रंग. स्ट्रेट पूलमध्ये क्रम आपण लावायचा असतो, आणि तो शेवटाकडून लावायचा. आधी ब्रेक बॉल ठरवायचा: रॅकच्या बाजूला, रेषेपासून थोडा बाहेर, असा की तो पॉट करताना पांढरा आपोआप रॅकवर जाईल. मग त्याच्या आधीचा बॉल, त्याला 'की बॉल' (key, म्हणजे किल्ली) म्हणतात. तो घातल्यावर पांढरा ब्रेक बॉलसाठी हव्या त्या कोनात उभा राहिला पाहिजे. मधल्या पॉकेटजवळचा, जवळजवळ सरळ जाणारा बॉल यासाठी उत्तम, कारण पांढऱ्याला तिथल्या तिथे थांबवलं की काम झालं. मग त्याच्याही आधीचा. असं पाचापर्यंत मागे येता आलं की उरलेला रॅक कसा साफ करायचा ते जवळजवळ ठरून जातं: या पाचांना हात लावायचा नाही, बाकीचे घालायचे.

हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड. पॉकेटच्या तोंडाशी आलेला बॉल घालावासा वाटतोच. आजोबा माझ्या शेजारी उभे राहून प्रत्येक फटक्याआधी विचारायचे, "ब्रेक बॉल?" मी बोट दाखवायचे. "की बॉल?" मी दुसरा दाखवायचे. दाखवता आला नाही तर वाकायचं नाही, उभं राहून टेबलाभोवती एक फेरी मारायची. ही फेरी मी अजून मारते. पांढऱ्याच्या मागून जे टेबल दिसतं आणि रॅकच्या मागून जे दिसतं, ती दोन वेगळी टेबलं असतात. एका बाजूने गठ्ठा वाटणाऱ्या बॉलमधून दुसऱ्या बाजूने सरळ वाट दिसते.

सरावाची त्यांची पद्धत उलटी होती. पूर्ण रॅक फोडून खेळायचं नाही, पाच बॉल घेऊन सुरू करायचं. एक ब्रेक बॉलच्या जागी, बाकीचे चार खालच्या, म्हणजे रॅकच्या बाजूच्या, अर्ध्या टेबलावर हाताने सोडून द्यायचे, कुशनला चिकटलेला असेल तर थोडा पुढे घ्यायचा. पांढरा हवा तिथे ठेवायचा. चार घालून ब्रेक बॉलवर बरोबर कोन मिळाला तर पास, एरवी पुन्हा मांडायचं. चारही पॉट झाले पण कोन मिळाला नाही, तर तो नापासच. पाच जमू लागल्यावर सात, मग नऊ. पॉटिंगचा सराव म्हणून पाहिलं तर हे पोरकट वाटेल. पण काही आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की पांढरा फार कमी फिरतोय. आधी मी त्याला टेबलभर पळवायचे, दोन-दोन कुशन घेऊन. आता बहुतेक फटके थांबवण्याचे, किंवा वीतभर पुढे, वीतभर मागे. पुण्यात ज्याला आम्ही स्क्रू म्हणायचो तो मागे ओढण्याचा फटका मला आवडायचा आणि मी तो उठसूट मारायचे. इथे त्याची गरज क्वचित पडते. पांढरा जितका कमी चालेल तितका तो कमी चुकतो.

याच काळात मी एक वही केली. डाव कितीवर संपला हे लिहायचं नाही, कशामुळे संपला ते लिहायचं. पॉट चुकला, पुढचा बॉल दिसत नव्हता, पांढरा पॉकेटमध्ये गेला, रॅक फोडल्यावर पांढरा बॉलना चिकटून बसला, असे रकाने. वही भरत गेली तसं चित्र स्वच्छ झालं. पॉट चुकल्याच्या नोंदी कमी होत्या, आणि ज्या होत्या त्यातल्याही बऱ्याच अवघड कोनातून घ्याव्या लागलेल्या पॉटच्या होत्या. म्हणजे दोष त्या फटक्यात नव्हता, तीन-चार फटके आधी होता. ज्याला मनापासून सुधारायचं आहे त्याने ही वही करावीच. आकड्यांचा रेकॉर्ड ठेवण्यापेक्षा ती कितीतरी जास्त शिकवते.

गठ्ठ्यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. रॅक फुटला तरी मध्यभागी पाच-सहा बॉल एकमेकांना चिकटून राहतात. जोरात जाऊन आदळावं आणि सगळं पसरवून टाकावं असं वाटतं, पण त्यात हातातली व्यवस्थाही जाते आणि पांढरा कुठे थांबेल त्याचा भरवसा नसतो. आजोबांचा नियम असा होता की गठ्ठ्यात जाण्याआधी बाहेर एक हमीचा बॉल पाहिजे. पांढरा कुठेही अडकला तरी घालता येईल असा, पॉकेटजवळचा. तो नसेल तर गठ्ठ्याला हात लावायचा नाही. आणि गठ्ठा फोडायचा तो लवकर, टेबलावर बॉल भरपूर असताना. शेवटी तीन बॉल उरल्यावर त्यातले दोन चिकटलेले असतील तर देवही मदतीला येत नाही.

चिकटलेले बॉल नुसते अडचणीचे नसतात, त्यांत हक्काचे गुणही दडलेले असतात. दोन बॉल एकमेकांना टेकलेले आहेत आणि त्यांच्या केंद्रांना जोडणारी रेषा पॉकेटकडे जाते आहे, तर मागच्याला मारलं की पुढचा आत जातो. पांढरा मागच्या बॉलला फार बाजूने लागला तर पुढचा थोडा सरकतो, तेवढी सूट धरायची. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. टेकलेल्या दोनांपैकी अलीकडचा बॉल पलीकडच्यावर दाबला जाईल असा मारला, तर तो त्या जोडरेषेला काटकोनात निघतो. ती काटकोनाची रेषा पॉकेटकडे जात असेल तर पॉट तयार आहे. १४ बॉलांच्या ढिगातून कोपऱ्यातल्या पॉकेटचं नाव घेऊन त्यातला एक बॉल बाहेर काढणं बघणाऱ्याला जादू वाटते, पण ते शाळेतल्या भूमितीइतकं सरळ आहे. रोज घरी जेवणाच्या टेबलावर दोन बॉल टेकवून मी ते काटकोन बघत बसायचे.

आता ब्रेक शॉट, म्हणजे ब्रेक बॉल घालता घालता रॅक फोडायचा फटका. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि अजूनही घालते. बॉल रॅकच्या बाजूला, पांढरा त्याच्या जरा वर, मध्यम कोन. पांढरा रॅकच्या वरच्या भागाला लागणार असेल तर थोडा मागे ओढायचा, म्हणजे तो ढिगातून सुटून टेबलाच्या मध्याकडे परततो. खालच्या भागाला लागणार असेल तर वरून मारायचा, म्हणजे तो बॉलना ढकलून खालच्या कुशनवरून बाहेर येतो. कोन कमी असेल तर रॅकला पुरता धक्काच बसत नाही, जास्त असेल तर पॉट धोक्यात येतो आणि सगळा जोर पांढऱ्यात राहतो. जोराबद्दल मला जे वाटत होतं ते इथे बदललं. नव्या खेळाडूला वाटतं की रॅक फुटायचा तर ताकद पाहिजे. मधल्या ताकदीने, नेमक्या बॉलवर गेलेला पांढरा चार-पाच बॉल मोकळे करतो आणि स्वतः मोकळा राहतो. तेवढे पुरतात. सगळा रॅक एकदम फुटायची गरज नाही, उरलेला पुढे सावकाश सोडवता येतो.

अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोमधल्या स्प्रिंगफिल्ड गावात ८ फुटी टेबलावर सलग ५२६ बॉल घातले होते. हा आकडा ऐकल्यावर लोक म्हणतात, काय पॉटिंग असेल! मी आता तो वेगळा वाचते. ५२६ म्हणजे सदतीस वेळा ब्रेक बॉल शिल्लक ठेवला, सदतीस वेळा की बॉलवरून त्याच्यावर कोन मिळवला आणि सदतीस वेळा रॅक फोडून पांढरा मोकळा ठेवला. तो विक्रम पासष्ट वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले आणि २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४. त्यांच्या खेळात विलक्षण फटके शोधायला गेलात तर निराशा होईल. ओळीने सोपे फटके दिसतात, आणि ते सोपे असण्यामागे सगळी विद्या आहे.

याच सुमारास शेजारच्या काकांना एकदा सोबत घेऊन गेले. मूळचे मुंबईचे, तरुणपणी जिमखान्यात बिलियर्ड्स खेळलेले, मुलाकडे राहायला आलेले. थोडा वेळ बघून म्हणाले, "अगं, हे तर आमच्या बिलियर्ड्समधल्या सलग गुणांच्या ब्रेकसारखं आहे. तीन बॉल एका कोपऱ्यात जमवायचे आणि विखरू द्यायचे नाहीत." पुढचा तास ते विल्सन जोन्सबद्दल बोलत राहिले. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकून भारताचा पहिला जगज्जेता झाला, १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकला. मुंबईचे मायकल फरेरा नंतर तीनदा जिंकले. काका म्हणाले, "त्यांचा खेळ बघताना कंटाळा यायचा असं लोक म्हणत. मला नाही कधी आला." मलाही त्या दिवशी कळलं की मला या खेळाची ओढ का लागली. टेबल आणि नियम वेगळे असले तरी घडी मोडू न देता खेळत राहण्याची जी बुद्धी बिलियर्ड्सला लागते तीच इथे लागते. आपल्या मातीत ती होती, पॉटिंगच्या नादात आपण ती मागे टाकली असं मला मनापासून वाटतं.

बचावाचा भाग मात्र मी उशिरा शिकले, आणि तो शिकल्याशिवाय सामने जिंकता येत नाहीत. सुरुवातीच्याच फटक्यात तो लागतो. पहिल्या ब्रेकला, म्हणजे डाव सुरू करताना पूर्ण रॅकवर मारायच्या फटक्याला, बॉल सांगून पॉट तरी करायचा, नाहीतर पांढरा आणि आणखी दोन बॉल कुशनला लावायचे. ते झालं नाही तर २ गुण जातात. त्यामुळे कुणी रॅकवर घाव घालत नाही. मागच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या बॉलला पांढरा अगदी पातळ लावायचा, बाजूची फिरकी देऊन, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांचे बॉल कुशनला लागून परत रॅकजवळ येतात आणि पांढरा कुशन घेत घेत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वरच्या कुशनला टेकतो. समोरच्याला लांबून बंद रॅक बघायला मिळतो.

पुढे अडचणीत सापडलात तर मुद्दाम फाउल करण्याचीही मुभा आहे. दंड १ गुणाचा. आजोबा शांतपणे पांढऱ्याला गठ्ठ्यावर नुसता टेकवायचे, १ गुण द्यायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे. आता मलाही काही दिसत नसे. मग मी तसंच करायचं, मग ते. पण सलग तीन फाउल झाले की आणखी १५ गुण जातात, सगळे १५ बॉल पुन्हा रचतात आणि फाउल करणाऱ्यालाच सुरुवातीचा ब्रेक करावा लागतो. त्यामुळे दोन फाउल झाल्यावर कोण आधी वेगळी वाट शोधतो याची जी लढत चालते, तिच्यात मला बुद्धिबळातल्या शेवटच्या टप्प्याइतका रस वाटतो. टेबलावर एकही पॉट दिसत नसताना समोरच्यालाही तो दिसू न देणं ही वेगळी कला आहे, आणि तिचा सराव एकट्याने होत नाही. जोडीदार लागतो.

एका डावात मी सलग तीस गुण ओलांडले तेव्हा दोन रॅक सलग फोडले होते. पन्नास गुण व्हायला त्यानंतर बराच काळ गेला, आणि तो पल्ला कोणत्याही नव्या फटक्यामुळे आला नाही. वहीतला 'रॅक फोडल्यावर पांढरा चिकटला' हा रकाना पातळ होत गेला तसा डाव लांबत गेला. आता मी रॅकच्या मागचा ब्रेक शॉट घोटते आहे. बॉल त्रिकोण आणि खालच्या कुशनच्या मध्ये असतो, आणि तो घालून पांढरा कुशनवरून फिरून रॅकच्या पाठीत जायला हवा. त्यात पॉट सोपा असतो, पण पांढऱ्याला वेग राखून वळवावं लागतं, आणि माझा तिथे अजून जम बसलेला नाही.

मागच्या खेपेला पुण्यात गेले तेव्हा ओळखीच्या पार्लरमध्ये तासाच्या पैशांवर एक टेबल घेतलं आणि पेन्सिलीऐवजी चॉकने रॅकची रेषा आखली, मालकांची परवानगी काढून. शेजारच्या टेबलावरची दोन मुलं येऊन उभी राहिली. "ताई, हे कोणतं पूल? पट्टे-साधे सगळेच घालताय." मी नियम सांगितले आणि त्यांना पाच बॉल मांडून दिले. पहिल्याने पटापट चार घातले आणि पाचव्यावर सरळ कोन आला. त्याचा मित्र म्हणाला, "गेला ना पॉट?" मी म्हटलं, पॉट गेला पण या कोनातून रॅक फुटला नसता, पुन्हा मांड. तासभर ते पाच बॉलच मांडत राहिले. त्यांच्यासारख्या कुणाला सुरू करायचं असेल तर ७ फुटी टेबलही चालेल, जोडीदाराबरोबर ५० गुणांचा डाव लावा, आणि पहिले काही आठवडे फक्त एक अट पाळा: टेबलावर सहा बॉल असताना ब्रेक बॉल आणि की बॉल मोठ्याने सांगायचे, मगच वाकायचं.